फळ्यावरची साठी

माझ्या हातात खडू होता म्हणून तो माणूस वाचला. दगड असता तर नेम धरायला शिकायला मला भरपूर वर्षं मिळाली होती.

तो माणूस म्हणजे आमच्या मंडळाचा चिटणीस. जबलपूरच्या तोफांच्या कारखान्याच्या वसाहतीत मराठी घरं बरीच होती, बहुतेक वऱ्हाडातून नोकरीसाठी आलेली. त्या घरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं आणि मंडळाला एक खोली मिळाली होती. आत वाचनालय, आणि बाहेर व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून एक फळा. सकाळच्या पाळीच्या सायकलींचा लोंढा त्याच रस्त्यानं जायचा. फळ्यावर रोज तीन गोष्टी लिहायच्या: हवामान, घडामोडी, वाढदिवस. नागपूरचं वर्तमानपत्र गाडीनं यायचं, तोवर बातमी शिळी होऊन जायची. म्हणून कोणीतरी सकाळी रेडिओ ऐकून ताज्या चार ओळी लिहाव्यात अशी कल्पना होती. मॅट्रिक झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर वळणदार होतं आणि एवढ्या पहाटे उठायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

हवामान मी अंगणात उभी राहून ठरवायची. जबलपुरात ते अवघड नाही. मे महिन्यात लू, म्हणजे अंग भाजणारा वारा, पौषात हाडं फोडणारी थंडी, मधूनच गारा. घडामोडी रेडिओवर. आणि वाढदिवस लोकच सांगून जायचे. सायकलवरून उतरून माणसं आधी शेवटची ओळ वाचायची, मग देशाचं काय चाललंय ते बघायची.

आमच्या लोकांना दोन वाढदिवस असतात. एक घरचा, तिथीचा, ज्या दिवशी आई औक्षण करते. दुसरा शाळेचा. खेड्यात पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याच्या उंचीकडे बघून साल ठरवायचे आणि महिना जून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते. पुढं पोरगं मोठं होऊन नोकरीला लागलं की तीच तारीख सरकारदरबारी जायची. यात कोणाला खोटेपणा वाटत नसे. सरकारशी जून महिन्यानं बोलायचं आणि देवाशी तिथीनं. फळा घरचा, म्हणून फळ्यावर तिथीचा वाढदिवस लिहायचा. फक्त वय लिहायचं नाही. हे कोणी कोणाला बजावलेलं नव्हतं, पण लहान पोरालाही कळत होतं.

माझे बाबा कारखान्यात लेथवर होते. कारागिरांना साठाला घरी पाठवायचे, आणि कागदावर ते खऱ्या वयापेक्षा चार वर्षांनी लहान होते. आमचं क्वार्टर कोपऱ्यावरचं होतं. स्वतंत्र नळ, मागं अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. चिटणीस कारखान्याच्याच ऑफिसात मोठा कारकून होता आणि त्याचा जावई नुकताच कामाला लागला होता. त्या जावयाला क्वार्टर पाहिजे होतं. येता-जाता चिटणीस आमच्या पेरूकडे बघायचा आणि म्हणायचा, “झाड मोठं छान आलं.” आई त्याला पेरू द्यायची. झाडाकडे बघणाऱ्याला पेरू देऊन भागत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात, वैशाखात, बाबांची साठीशांत झाली. साठ पूर्ण झाले की होम करायचा, ग्रहांना शांत करायचं, बायकोनं पुन्हा शालूसारखं काहीतरी नेसून शेजारी बसायचं. आईनं ती हौसेनं केली. चिटणीस जेवायला होता. आमरसाच्या वाट्यांवर वाट्या त्यानं रिचवल्या, हात धुतले आणि मला म्हणाला, “पोरी, उद्या फळ्यावर झकास लिही. साठी झाली म्हणून लिही.”

मी म्हटलं, “वय नाही लिहीत नं काका आपण?”

“अगं, साठी म्हणजे वय नाही, मान आहे. आपल्या बापाचा मान तू नाही लिहिणार तर कोण लिहिणार?”

मी लिहिलं. गुलाबी खडूनं लिहिलं आणि भोवती आंब्याच्या पानांचं तोरण काढलं. हवामान: लू चालू आहे, दुपारी बाहेर पडू नये. वाढदिवस: आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ कारागीर यांची साठीशांत काल यथासांग पार पडली. सकाळच्या पाळीतल्या लोकांनी सायकलवरून हात वर करून बाबांना रामराम केला. बाबा दिवसभर खुश होते.

मग कारखान्याच्या साहेबाकडे एक निनावी अर्ज गेला. वय चोरून माणूस नोकरी करतो आहे, खात्री करायची तर मंडळाचा फळा वाचा. फळ्यावरचं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवलेलं होतं. साहेबानं बाबांना बोलावून विचारलं. बाबा नाही म्हणू शकले असते. त्याऐवजी ते म्हणाले, “हुई है साहब. अग्नि के सामने हुई है, झूठ कैसे बोलूँ?” एवढ्यावर नोकरी संपली. महिन्याभरात क्वार्टर गेलं, आणि आमच्या झाडाचे त्या हंगामातले पेरू चिटणिसाच्या जावयानं खाल्ले.

लोक मला म्हणायचे, लिहिलं तर तूच. हो, मीच. पण माझा हात धरून लिहवून घेणारा तो होता, आणि आमच्या ताटात जेवून उठल्यावर त्यानं लिहवून घेतलं. मी स्वतःला कधी दोष दिला नाही. सगळा त्याच्या खात्यावर टाकला आणि डूख धरला.

आम्ही सराफ्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. दिवसभर सोनारांच्या हातोड्यांची टकटक. पावसाळा संपता संपता लढाई लागली. कारखाना रात्रंदिवस चालायला लागला, आणि भोंगा आमच्या गल्लीपर्यंत ऐकू यायचा. भोंगा झाला की बाबा उठून दारात उभे राहायचे.  थोड्या वेळानं परत येऊन बसायचे. पुढं राइट टाउनमधल्या एका सायकलच्या दुकानात त्यांनी कानस घासायचं काम धरलं. तोफांचे भाग बनवणारा माणूस तो, पोरांच्या सायकलींच्या पायडलांच्या खिळ्या घासत बसला. 

फळा मी सोडला नाही. आई म्हणाली, “काहून जाते त्या मेल्याच्या दारात?” मी म्हटलं, “शाळा तिकडंच आहे नं माझी.” वसाहतीजवळच्या शाळेत मी शिकवायला लागले होते, ते खरंच होतं. पण जात होते ती दुसऱ्या कारणानं. फळा सोडला असता तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं. आणि चिटणिसाला मला काढता येत नव्हतं. काढलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि तेवढ्या सकाळी उठणारी दुसरी मूर्ख मिळाली नसती.

मग मी हवामान लिहायला लागले.

हवामान: दाट धुकं. समोरचा माणूस ओळखू येत नाही. काही माणसं ऊन पडल्यावरही येत नाहीत.

हवामान: फार उकडते आहे. पेरूच्या झाडाखाली बसणाऱ्यांना जाणवणार नाही.

घडामोडी: कटनीकडे लाकूडचोर सापडला. आपल्याकडचे सापडायचे आहेत.

लोक हसायचे. कोणाला कळायचं, कोणाला नाही. चिटणीस रोज वाचायचा आणि चष्मा पुसत आत जायचा. त्याची तिथी आली की मी सरळ, सभ्य भाषेत त्याचं अभीष्टचिंतन लिहायची आणि मनाशी म्हणायची, अजून थोडं थांब. कारण त्याच्या बायकोनं एकदा बोलता बोलता आईला सांगून टाकलं होतं, “आमच्या यांचंही साल मास्तरांनी टाकलेलं हो, चार पावसाळे कमी आहेत.” कारकुनांना अठ्ठावन्नाला घरी जावं लागायचं. म्हणजे ज्या दिवशी तो देवासमोर साठ वर्षांचा होणार होता, त्या दिवशी त्याची खुर्ची केव्हाच दुसऱ्याची असायला पाहिजे होती. मला फक्त वाट बघायची होती. वाट बघणं मला चांगलं जमतं.

एकाहत्तर साल आलं. दिवाळीनंतर पुन्हा लढाईचं वारं सुरू झालं. कारखान्यात हात कमी पडू लागले, तेव्हा घरी बसलेल्या जुन्या कारागिरांना तात्पुरतं परत बोलावायचं ठरलं. सायकलच्या दुकानातून ही बातमी बाबा घेऊन आले, आणि त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून खाकी शर्ट-पँट काढून आईकडे धुवायला दिली. मग इस्त्री केली. मग खुंटीला लावली. बरोबरीचे एकेक जण परत जायला लागले. एकाला तर डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, त्यालाही बोलावलं. बाबांना बोलावणं आलं नाही. नावं चिटणिसाच्या टेबलावरून जात होती.

“येईल,” बाबा म्हणायचे. “कामं लय आहेत, नाव खाली असंल.” आणि सकाळी उठून दाढी करून बसायचे.

त्याच सुमारास एका दुपारी चिटणिसाची बायको आमच्याकडे आली. बाई साधी होती, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी आतल्या खोलीत वह्या तपासत होते. ती आईला म्हणाली, “ताई, तुम्ही केली आहे म्हणून विचारून राहिले. साठीशांतीला सामान काय काय लागतं? घरी नको म्हणतात हे. ग्वारीघाटावर करून राहिलो. कोणाला सांगू नका बरं.”

आईनं सगळं सांगितलं. इतकंच नाही, मदतीला नर्मदेच्या त्या घाटावर गेली. मी भांडले तर म्हणाली, “बाईनं काय केलं आपलं?” आणि वर म्हणाली, “मी शब्द दिला तिला.” मी म्हटलं, “तू दिला, मी नाही दिला.”

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी फळा पुसत होते. चिटणीस आला. लढाई दाराशी आली होती, खिडक्यांच्या काचांना लोकांनी काळे कागद लावले होते आणि चिटणिसाला सेनापती झाल्यासारखं वाटत होतं. म्हणाला, “आजपासून हवामान नको लिहू. हेर फिरून राहिले. आभाळ साफ आहे म्हणून लिहिलं तर शत्रूला फायदा.”

“ठीक आहे काका,” मी म्हटलं. “हवामान नाही लिहीत. वाढदिवस लिहू?”

“कोणाचा?”

“तुमचा. ग्वारीघाटावर झाला तो.”

त्यानं चष्मा काढला. पुसला. घातला. इतक्या वर्षांत त्याचं तोंड असं उतरलेलं मी पहिल्यांदा बघत होते. मला ते संपू नये असं वाटलं. शेवटी तो म्हणाला, “काय पाहिजे तुला?”

“बाबांचं नाव.”

“तुझ्या बापाची फाईल खराब आहे, बेटा.”

“तुमची अजून चांगली आहे,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: थंडी आहे, हे सर्वांना माहीत आहे. वाढदिवसाच्या ओळीत रेघ मारली. आणि आठवडा उलटायच्या आत कारखान्याचा माणूस सायकलवरून सराफ्याच्या गल्लीत आला.

बाबांनी निरोप ऐकला आणि आईला म्हणाले, “पाहा. साहेबाला आठवण आली. माझ्यासारखे आटे कोणी पाडत नाही तिथं, मी म्हणत नव्हतो?” गल्लीतल्या सोनारांनी हात थांबवून त्यांच्याकडे बघितलं. सकाळी डबा घेऊन, खाकी कपडे घालून बाबा निघाले तेव्हा ते चालत नव्हते, भरभर जात होते. संध्याकाळी येऊन बोलत बसायचे. लेथ तोच होता, त्याची मूठ कोणीतरी बदलली होती, नवीन पोरांना हात कसा ठेवायचा ते कळत नव्हतं. दोन हातांनी भाकरी खात ते सांगायचे. “साहेब स्वतः येऊन उभा राहिला माझ्याजवळ. म्हणे, बाबूजी, आपको तो पहले बुलाना था.” आई पदरानं डोळे पुसायची. मी भाकरी वाढायची. मला त्या दिवसांत फार सुख होतं, आणि ते माझ्या एकटीचं होतं.

लढाई लागली आणि बघता बघता आम्ही जिंकून ती संपूनही गेली. काही दिवस राहिलेली कामं पुरी करायला जुन्या लोकांना ठेवलं आणि संक्रांतीच्या आधी हार घालून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी मंडळात चिटणीस भेटला. दिलदार माणसासारखा हसला आणि म्हणाला, “चल बेटा, आपलं मिटलं.”

“हो काका,” मी म्हटलं.

त्याचं मिटलं असेल. माझ्या बाबांची सहा वर्षं सायकलींच्या खिळ्यांत गेली होती, आणि महिना-दीड महिन्याच्या कामावर तो माणूस मला हिशेब मिटल्याची फारकत लिहून मागत होता. हो म्हणून मी शब्द दिला होता. पण कोणाला दिला होता हे बघायला नको का? साखरेच्या डब्याला मुंगीनं दिलेला शब्द तो, टिकायचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला आणि लिहिलं.

हवामान: लढाई संपली, आता लिहायला हरकत नाही. आकाश निरभ्र. फार लांबपर्यंत स्वच्छ दिसते.

घडामोडी: जुन्या कारागिरांना निरोप.

वाढदिवस: आमच्या मंडळाचे चिटणीस यांची साठीशांत मार्गशीर्षात ग्वारीघाटी यथासांग पार पडली. उशिरा का होईना, अभीष्टचिंतन.

सायकली थांबल्या. आधी मराठी लोक हसले, मग त्यांनी हिंदीवाल्यांना समजावलं आणि ते हसले. “अच्छा, तो बड़े बाबू साठ के हो गए!” मी शाळेत गेले आणि पोरांना दिवसभर एकही छडी मारली नाही.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं आणि मी तयार होते. तो दारातच उभा राहिला. माझ्याकडे बघितलंही नाही. बाबा पाटावर बसून दाणे सोलत होते, त्यांना म्हणाला, “तुम्हाला काय वाटलं, साहेबाला तुमची आठवण आली? तुमचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तुमच्या पोरीनं मला धमकी देऊन टाकायला लावलं. विचारा तिला.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “खरं होय?”

मी खोटं बोलू शकले असते. बोलायला पाहिजे होतं. पण त्या माणसाच्या समोर मला माझी जीत लपवायची नव्हती. मी म्हटलं, “हो. मीच करायला लावलं.”

बाबांनी हातातले दाणे खाली ठेवले. मग चिटणिसाला म्हणाले, “बसा. चहा घ्या.” तो बसला नाही. तो गेला तेव्हा बाबांनी दाणे तसेच ठेवले होते.

चिटणिसाचं पुढं काय झालं तेही सांगते. काही झालं नाही. साहेबाकडे निनावी अर्ज गेला होता, डाव्या हातानं लिहिलेला, कोणी लिहिला ते मी सांगणार नाही. साहेबानं बोलावून विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं की शांत मोठ्या भावाची होती, गावाहून आला होता, फळ्यावरची बाई आमच्यावर खार खाऊन आहे. अग्नीसमोर काय झालं होतं याचं त्याला काही वाटलं नाही. आईला विचारायला कोणी आलं नाही, आणि आलं असतं तरी ती बोलली नसती. आमच्या घरात शब्द पाळणारी ती एकटी. तो कागदावरच्या तारखेला, हार घालून घेऊन, सावकाश निवृत्त झाला.

आणि बाबा. मी फळ्यावर काय लिहिलं ते रोज संध्याकाळी विचारायची त्यांची सवय होती. ते विचारणं बंद झालं. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली तेव्हा बाबा स्वतः उठले, खुंटीवरचे खाकी कपडे काढले आणि तिच्या टोपलीत टाकले. ती म्हणाली, “बाबूजी, ये तो अच्छे हैं, अभी चलेंगे.” बाबा म्हणाले, “ले जाओ.” आईला त्यांच्या बदल्यात एक लहानसं स्टीलचं पातेलं मिळालं.

ते पातेलं आता माझ्याकडे आहे. बाबा गेले, आई गेली, तो माणूसही गेला. त्याच्या मरणाची बातमी आली त्या दिवशी मी स्वयंपाकात गोड केलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. चुलत भावांच्या पोरी म्हणतात, आत्या, आता सोड. मी नाही सोडत. बाबांना त्या महिन्या-दीड महिन्यात वाटलं होतं की कारखान्याला त्यांची गरज आहे. ते मी त्यांना मिळवून दिलं होतं, आणि त्यानं आमच्या दारात उभं राहून ते काढून घेतलं. न सांगता गेला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

मी फळ्यावर लिहिलं नसतं तर तो आमच्या दारात आलाच नसता, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. रोज सकाळी त्या पातेल्यात दूध तापवताना ते मला दिसतं. दिसलं की मी गॅस बारीक करते आणि पुन्हा त्यालाच शिव्या घालते.